सुभागेचे दोन घट

एका राज्यात जितकी गावं तितके झरे होते, आणि जितके झरे तितक्या पोथ्या. रोज पहाटे प्रत्येक झऱ्याला त्याच्या गावाच्या नावाने मंत्र म्हणून उठवावं लागे. मंत्र सगळीकडे एकच, चाळीस ओळींचा. फरक काय तो नावाचा. तरी तो प्रत्येक गावासाठी पहिल्यापासून लिहायचा, आणि एका ओळीत चूक निघाली की शंभर गावांच्या पोथ्या सुधारत हिंडायचं. राजमांत्रिक विरोचनाचं अर्धं आयुष्य यातच सरलं होतं.

मग त्याला युक्ती सुचली. मंत्र साळुंक्यांना एकदाच शिकवायचा. गावाचं नाव भूर्जपत्रावर लिहून मातीच्या घटात ठेवायचं, आणि मंतरलेल्या धाग्याने घट साळुंकीच्या पायाशी जोडायचा. धागा दिसत नसे, तुटत नसे. साळुंकी सात डोंगर ओलांडून गेली तरी घटातलं नाव तिला वाचता येई. युक्ती चोख होती. आजही तिच्यात खोट काढता येत नाही, दुःख आहे ते त्याचंच.

राजाने आरंभाला तीन गावं नेमली: कातळपूर, निंबसर आणि ताम्रवाट. "उद्या पहाटे आम्ही स्वतः कातळपुरी येऊ," राजा म्हणाला.

घट घडवीत असे ताम्रवाटची सुभागा कुंभारीण. भाजून तयार असा एकच घट होता, तो घेऊन ती राजधानीत विरोचनाकडे आली.

"तीन दिवस थांबा, आचार्य. आणखी दोन देते."

"एकात भागेल," विरोचन म्हणाला.

त्याने घटात कातळपूरचं नाव ठेवलं, पहिली साळुंकी बांधली आणि विचारलं, "कुणाला उठवशील?"

"कातळपूरच्या झऱ्याला," ती म्हणाली आणि उडाली.

ते पान काढून त्याने निंबसरचं ठेवलं, दुसरी बांधली. मग तेही काढून ताम्रवाटचं ठेवलं, तिसरी बांधली. तिघींनी उत्तरं बरोबर दिली. विरोचन खूश झाला.

सुभागा म्हणाली, "आचार्य, धागा नावाला नाही, घटाला बांधलाय."

"तू आपली मडकी सांभाळ."

असं बोलायला नको होतं. सुभागा भर दुपारी उठून आपल्या गावी निघून गेली.

पहाटे राजा कातळपूरला हात जोडून उभा राहिला. तिन्ही गावांतल्या तिन्ही साळुंक्यांनी एकच हाक मारली, ताम्रवाटच्या झऱ्याला. तो तिप्पट उसळला. उरलेले दोन झरे हाक चुकल्याने रुसले आणि आटले. दुसऱ्या पहाटे तेच, तिसऱ्या पहाटे तेच.

सात दिवस विरोचन मंत्राच्या चाळीस ओळी तपासत बसला. मंत्रात चूक नव्हतीच. आठव्या दिवशी त्याने पहिल्या साळुंकीला बोलावलं.

"तू कातळपूरचं नाव का घेत नाहीस?"

"घटात असेल ते घेते."

"बांधलं तेव्हा तर घेतलंस."

"तेव्हा घटात ते होतं."

विरोचनाने कपाळावर हात मारला. साळुंकी पुढे म्हणाली, "रुसले झरे साध्या घटाने उठणार नाहीत. लाकूड कातळपूरचं, विस्तव निंबसरचा, आणि माती ताम्रवाटची, असे दोन घट भाजून आणा."

विरोचन कातळपूरला गेला. आटल्या झऱ्याशी एक म्हातारा बसला होता. "लाकडं पाहिजेत? न्या की. आता इथं झाड म्हणून काही उरलंच नाही, सगळी लाकडंच आहेत."

तो निंबसरला गेला. एक बाई म्हणाली, "चूल पेटती आहे, शिजवायला पाणी नाही. खुशाल न्या विस्तव."

ताम्रवाटला होडीतून जावं लागलं. माणसं टेकडीवर जाऊन वाचली होती. पाण्याबाहेर एक उंच चिंच तेवढी उभी होती. तिच्या बेचक्यात उन्हात वाळलेले दोन कच्चे घट होते, आणि वर तिसरी साळुंकी.

"हे कुणी ठेवले?"

"सुभागेने. घरी आली त्याच दिवशी तुमच्यासाठी घडवायला बसली. तिसऱ्या पहाटे लोंढा घरात शिरला, तेव्हा दोन्ही हातांत हेच होते. हात मोकळे असते तर फांदी धरता आली असती. घट ठेवले आणि ती गेली."

घटांच्या कडेवर बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. विरोचन होडीत बसून रडला. मग त्याने घट भाजले, एकात कातळपूरचं नाव ठेवलं, दुसऱ्यात निंबसरचं, आणि पहिल्या दोघींना जुन्या घटापासून सोडवून आपापल्या घटाशी बांधलं. तिसरीला जुनाच घट राहिला. पहाटे तीन हाका तीन झऱ्यांना गेल्या. पाणी ओसरलं, झऱ्यांचा रुसवा फिटला, कातळपूरला पालवी फुटली. मागे राहिलेल्या चिखलात सुभागेचं चाक सापडलं. सुभागा सापडली नाही.

पुढे साऱ्या राज्यात साळुंक्या गेल्या, प्रत्येकीला स्वतःचा घट. मंत्र पुन्हा कुणी लिहिला नाही. लोक विरोचनाला धन्य म्हणत. "मान सुभागेचा आहे," तो सांगे, आणि लोक त्याला विनय समजत.

त्याने एक साळुंकी मात्र स्वतःजवळ ठेवली. तिच्या घटात गावाचं नाव नव्हतं. नवा धागा हातात घेतला की ती म्हणे, "आचार्य, धागा नावाला नाही, घटाला बांधलाय."

"हो, सुभागे," विरोचन म्हणे, आणि दुसरा घट येईपर्यंत थांबे.