करवंदापाशी थांबायचं

भेकरमाळाची चढण संपता संपता उजव्या हाताला जो काळा, सपाट धोंडा दिसतो, तो ठकूचा धोंडा. मधे परातीएवढी खळगी आहे बघा. टोपली ठेवून ठेवून पडली, असं सांगतात. मी इथल्या शाळेत चाळीस वर्षं मास्तर होतो, दगड असा झिजत नाही एवढं मला कळतं. पण गावात ते बोलायची माझी छाती नाही. तुम्हीही बोलू नका. टेका घटकाभर, पाणी प्या, आणि ऐका.

वर गोऱ्या साहेबांचे बंगले नवे नवे उठले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या गावची ठकू नावाची बाई रोज फळांची टोपली डोक्यावर घेऊन ही चढण चढायची. नवरा नव्हता. एक लेक होती, येसू. ती पाच वर्षांची असताना तापानं गेली, आणि ती गेली तेव्हा ठकू वर बंगल्यांवर फळं विकत होती. घरी पोचली तर शेजारणी अंगणात बसलेल्या. त्यानंतर ठकूचं बोलणं कमी झालं, पण टोपली सुटली नाही. विकून उरलेलं डागी फळ हेच तिचं दुपारचं जेवण.

एका बंगल्यात येसूच्याच वयाची एक मुलगी होती म्हणे. तिची आई आदल्या पावसाळ्यात वारली आणि तेव्हापासून पोरीनं बोलणं टाकलं. पुढे हळूहळू खाणंही टाकलं. चार चमचे दूध कसंबसं पोटात जायचं. डॉक्टरनं हात टेकले होते. तिचं खरं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. ठकू तिला बाळी म्हणायची, म्हणून आम्हीही बाळीच म्हणतो.

चैत्रात एक दिवस ठकू मागच्या दारी फळं मांडत होती. बाळी जवळच खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसलेली. इनास नावाचा गोव्याकडचा खानसामा केळी निवडता निवडता सहज म्हणाला, ‘‘बनाना.’’ आणि पोरीनं मान वळवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

इनासचे डोळे भरून आले. तो म्हणाला, ‘‘हिची आई जेवताना चित्रांचं पुस्तक घेऊन बसायची गे. एकेक फळ दाखवायची, नाव घ्यायची. मग ही तोंड उघडायची.’’

ठकूनं त्याच दिवशी खिंडीतल्या जानाईपुढे टोपली ठेवली आणि नवस बोलली, ‘‘आये, ही पोर तोंड उघडून खाईल तवर म्या फळ तोंडात घालनार न्हाई.’’ म्हणजे दुपारचं जेवणच सोडलं म्हणा ना.

मग ती नावं शिकू लागली. जाताना इनासला विचारायची, उद्या अमुक फळ आणते, त्याला तुमच्या साहेबाच्या भाषेत काय म्हणतात? आणि दुसऱ्या दिवशी चढताना या धोंड्यावर टोपली टेकवून ते नाव घोकायची. पपईचं पपाया झालं, ते सोपं. अंजिराचं फिग, तुतीचं मलबेरी. पण अननस म्हणजे पाइनॲपल, जांब म्हणजे रोझ ॲपल, कवठ म्हणजे वुड ॲपल! एकदा सफरचंद पाहिल्यावर या लोकांनी पुढे फारसे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. ठकूचा त्यात हमखास घोळ व्हायचा. एकदा तिनं कवठ पुढे धरून पाइनॲपल म्हटलं, तर बाळीच्या कपाळाला आठी पडली. त्या आठीचा ठकूला इतका आनंद झाला म्हणे, की उतरताना ती वाटेत दोनदा बसून हसली.

रोज एक फळ, रोज एक नाव. बाळी ऐकायची, फळाकडे बघायची. तोंड मात्र उघडायची नाही. अंगावर मांस उरलं नव्हतं. वैशाख लागला तसा डॉक्टर बाळीच्या बापाला म्हणाला, आता दिवस मोजायचे.

त्यातच एके दुपारी गारांचा वळीव झाला आणि खालच्या सगळ्या बागा झोडपून निघाल्या. दुसऱ्या दिवशी ठकूला धड फळ मिळेना. वाटेवरच्या जाळ्यांत आतल्या बाजूला राहिलेली करवंदं तेवढी मिळाली. ती पानाच्या द्रोणात घेऊन ती बंगल्यावर गेली आणि इनासला नाव विचारलं. इनास म्हणाला, ‘‘हे साहेब लोक खातच नाहीत, नाव कुठलं? कायतरी बेरी म्हण नि सोड.’’

ठकू म्हणाली, ‘‘खोटं नाव कसं घिऊ? तिच्या आईनं कंदी खोटं सांगितलं न्हवतं.’’

ती बाळीच्या खाटेशी जाऊन बसली. द्रोण पुढे धरला आणि गप्प राहिली. बाळी वाट बघत होती. रोज नाव यायचं, आज येईना. ठकूची मान खाली गेली. तिला वाटलं, येसूच्या वेळी आपण जवळ नव्हतो आणि आज जवळ असून हात रिकामेच.

तेव्हा बाळी बोलली. बारीक आवाजात, तिच्या भाषेत. विचारलं, याचं नाव काय?

ठकूला रडू आवरेना. म्हणाली, ‘‘करवंद, बाळी. आमच्यात करवंद म्हंत्यात.’’

‘‘करवंद,’’ पोर म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं. एक खाल्लं, दुसरं खाल्लं. तिसरं उचलून तिनं ठकूच्या तोंडात घातलं. असा तो नवस फिटला.

बाळी बरी झाली आणि त्याच वर्षी बापाबरोबर बोटीनं गेली. परत काही आली नाही. ठकू मात्र जन्मभर या धोंड्यावर टोपली टेकवून सगळी नावं ओळीनं घ्यायची, आणि करवंदापाशी आलं की थांबायची. बंगल्याच्या दिशेनं कान द्यायची. एका वैशाखात आईबरोबर चढणाऱ्या कुणाच्या तरी चिमुरडीनं ते नाव घेतलं. ठकूनं तिला उचलून छातीशी धरलं, असं सांगतात.

आजही वैशाखातल्या पहिल्या मंगळवारी सगळा गाव इथे जमतो. मुलं बनानापासून वुड ॲपलपर्यंत नावं घेतात, माझ्या शाळेपेक्षा इथे उच्चार चांगले होतात. करवंदापाशी सगळे गप्प. करवंदाला इंग्रजी नाव पुस्तकात असेलही, ते इथे चालत नाही. गावात चार वर्षं पुरी झालेलं जे सगळ्यांत लहान मूल, त्यानं ते नाव घ्यायचं, आणि तोवर कुणी हलायचं नाही, कुणी सुचवायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीचा नंबर लागला. मंदा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी म्हटलं, तिला सोडा, दुसरं मूल घ्या. गावानं ऐकलं नाही. ऊन डोक्यावर आलं, म्हातारी माणसं उभी, तान्ही पोरं कडेवर, आणि सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघत थांबलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंदा बोलली नाही. ती खळगीपाशी गेली, तिथे ठेवलेल्या द्रोणातलं एक करवंद उचललं आणि माझ्या तोंडात घातलं.

गावानं ते नाव घेतल्यासारखंच धरलं. आजही मंदा बोलत नाही, पण त्या दिवशी द्रोण तिच्याच हातात असतो, आणि पहिलं करवंद ती कुणाला देईल ते कुणीच सांगू शकत नाही.