सिद्राम हेळवी जमिनीवर उतरला

नदीवर पूल नव्हता आणि पावसाळ्यात पलीकडे जायचं तर गूळ आटवायच्या मोठ्या काहिलीत बसून तरंगत जावं लागे, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

तळवंदे गावात दरसाल सुगी संपली की सिद्राम हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवणारा माणूस. पहाटेच्या धुक्यातून आधी घंटा ऐकू यायची, मग पवळ्या बैलाची शिंगं दिसायची आणि मग बैलावर बसलेला सिद्राम. कमरेपासून खाली त्यानं काळं घोंगडं पांघरलेलं असायचं. गावात असेतोवर तो बैलावरून उतरायचा नाही. दुसऱ्यांची मुळं सांगणाऱ्यानं त्यांच्या मातीवर पाय ठेवायचा नाही, अशी त्याच्या घराची रीत होती. त्यामुळे तळवंद्यात त्याचे पाय कुणी पाहिलेच नव्हते. पोरं म्हणायची, त्याला पाय नाहीतच, घोंगड्याखाली नुसतं धुकं आहे.

अंगणात बैल थांबला की घरची बाई बैलाच्या खुरांवर पाणी घालायची. मग सिद्राम डोळे मिटून सुरू करायचा. "आधी मूळपुरुष हैबती. हैबतीचा जानबा. जानबाची बायको तुळसा, ती डोंगराकडची. तुळसाचा बहिर्जी..." नावं कानावर पडली की ती माणसं ओसरीवर येऊन बसायची, असं म्हणतात. कधी नुसता तंबाखूचा वास यायचा, कधी कुणाच्या तरी जुन्या काठीचा आवाज.

त्याची आणखी एक रीत होती, आणि ती कठीण होती. हेळव्यानं स्वतःची वंशावळ कधीच उच्चारायची नाही. ती तोंडातून निघाली, की जपलेल्या साऱ्या वंशावळी त्याला सोडून जातात. सिद्रामला हे त्याच्या आजोबांनी लहानपणीच सांगितलं होतं. सिद्रामची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्याच्यापाशी होती ती नावंच. माळावर पवळ्याच्या पोटाला टेकून तो झोपायचा, तेव्हा सगळ्या गावांची सगळी नावं त्याच्याभोवती गुरांसारखी बसून रवंथ करायची.

एका साली तळवंद्यात पटकीची साथ आली. माणसं घरं सोडून डोंगरावर खोपटी बांधून राहिली. बरीच परत आली, बरीच आली नाहीत. आली त्यांना देवळाच्या पायरीवर एक मुलगी बसलेली दिसली. केसांत गवत, अंगावर फाटकं परकर-पोलकं. नाव विचारलं तर म्हणाली, "येसू." याच्या पुढं तिला काही सांगता येईना.

कुणी म्हणालं, ही कुंभारआळीतली असणार. कुणी म्हणालं, छे, वाटेनं जाणाऱ्या मिठाच्या तांड्यातून मागं राहिली. भैरू पाटलानं सांगितलं, "भांडू नका. हेळवी येऊ द्या. त्याच्या तोंडून निघंल ते खरं."

सिद्राम आला. पाटलानं येसूला बैलाजवळ उभं केलं आणि बैल घरोघर फिरला. सिद्राम एकेका घराची नावं वरून खाली सांगत यायचा, आणि येसू त्याच्या ओठांकडं बघत राहायची. शेवटचं नाव झालं की तो मान हलवायचा. "हितली न्हाई."

कुंभारआळीत न्हाई. पाटीलवाड्यात न्हाई. सुतारांच्यात न्हाई. प्रत्येक "न्हाई"ला येसू बैलाच्या आणखी जवळ सरकायची. शेवटी तिनं पवळ्याच्या गळ्यातली दोरी घट्ट धरली.

पाटलाची आत्या सोनाक्का बैलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, घाल की कुटंतरी. एवढ्या नावांत एक पोर जास्त झालं तर कुनाला कळनार हाय?"

"ओसरीवर बसलेल्यांना कळतंय, आक्का," सिद्राम म्हणाला.

"त्यांना काय जातंय? त्यांना भाकरी घालायची न्हाई का धुणं धुवायचं न्हाई!"

माणसं हसली, पण सिद्राम हसला नाही. त्यानं उभ्या जन्मात एक नाव खोटं घातलं नव्हतं.

चावडीपुढं गाव जमलं. साथीनं माणसं भेदरलेली होती. भैरू पाटील तसा दुष्ट नव्हता, पण तोही भेदरलेला होता. तो म्हणाला, "हेळव्यानं सांगितलं, पोर हितली न्हाई. मग ठेवायची कुनाच्या दारात? उद्या तांडा जाईल त्याच्याबरोबर लावून देऊ."

"आनि तांड्याची बी नसंल तर?" सोनाक्कानं विचारलं.

"मग त्यांचं ते बघतील."

सिद्रामनं खाली पाहिलं. पोरगी रडत नव्हती. ती त्याच्याकडंच बघत होती. आपणच खरं बोललो आणि आपल्याच बोलण्यानं हिच्यापुढची सारी दारं एकामागून एक लागली, हे त्याच्या ध्यानात आलं. जिला मागं कुणी नाही ती पुढं कुठं जाणार?  त्याच्याभोवतीची सगळी नावं रवंथ करायची थांबली, असं म्हणतात.

मग त्यानं घोंगडं बाजूला केलं.

"आप्पा, काय करतोस?" सोनाक्का ओरडली.

सिद्राम बैलावरून उतरला. पाय साधेच होते, जरा वाळलेले, टाचांना भेगा पडलेले. तळवंद्याच्या मातीवर ते टेकले तेव्हा नदीचं पाणी घटकाभर थांबलं, असं म्हणतात. त्यानं येसूच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"आधी मूळपुरुष निंगाप्पा. निंगाप्पाचा मल्लाप्पा. मल्लाप्पाची बायको बाळव्वा, ती पाणी आनाय गेली आनि गानं घेऊन आली. बाळव्वाचा कल्लाप्पा. कल्लाप्पाचा सिद्राम..."

एकेका नावासरशी त्याच्या अंगातून काहीतरी उठून जात होतं. संध्याकाळी झाडावरून पाखरांचा थवा उठावा तशा वंशावळी उठल्या. पाटलांची पाटलांच्या घराकडं गेली, सुतारांची सुतारांच्या. माणसांच्या कानांवरून वारा गेला. सिद्राम थांबला नाही. तो शेवटचं बोलला.

"सिद्रामची लेक येसू."

मग त्यानं डोळे उघडले. समोर भैरू पाटील उभा होता. सिद्रामनं त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "तुमी कोन म्हनायचं, बाबा?"

 भैरूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "आधी मूळपुरुष हैबती. हैबतीचा जानबा..." त्यानं ती नावं कधी पाठ केली नव्हती. सांगता सांगता तो रडू लागला. त्या दिवशी गावात ज्यानं ज्यानं तोंड उघडलं त्याला आपापले पूर्वज आठवले. एकट्या सिद्रामला काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांडा आला आणि तसाच निघून गेला. सोनाक्कानं आपल्या घरामागच्या परड्यात बापलेकीला खोपट बांधून दिलं. रोज सकाळी सिद्राम विचारायचा, "तू कुनाची गं?"

"तुमची," येसू म्हणायची.

"बरं झालं," तो म्हणायचा, आणि दिवसभर खुशीत असायचा.

पुढं एका पहाटे तो अंथरुणात नव्हता. अंगणातून नदीपर्यंत उघड्या पावलांचे ठसे गेले होते आणि पाण्यावरही थोडे पुढं गेलेले दिसत होते, असं म्हणतात. येसू तळवंद्यातच नांदली. तिची पणतवंडं आजही तिथं आहेत.

आता नदीवर पूल आहे. सुगी संपली की तळवंद्यात एका सकाळी सगळे अनवाणी चावडीपुढं जमतात. आधी प्रत्येक घरातलं कुणीतरी आपल्या घराची नावं सांगतं. मग सगळे मिळून निंगाप्पापासून सिद्रामपर्यंत म्हणतात आणि थांबतात. गावात त्या साली जे कुणी परकं राहायला आलं असेल, त्यानं पुढं येऊन आपलं नाव जोडायचं.

परवाच्या साली गुऱ्हाळावर कामाला आलेला दूर देशीचा एक माणूस बाजूला उभा होता. गर्दीतल्या एका म्हातारीनं त्याला कोपरानं ढोसलं. "जा की रं. लाजतोस कशापायी?"

तो पुढं आला. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "सिद्रामचा लेक रघुनंदन."

म्हातारीनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, "जेवायला कुनाकडं येतोस? आमच्याकडं ये."