म्हाळसाक्काची न तुटणारी पोळी

एक होता राजा. त्याला होती एक राणी. आणि राणीला होती एक भीती. वाघाची? छे! सापाची? तीही नाही. राणी भ्यायची नासलेल्या दुधाला. हसू नका. तुमच्यातलेही काही जण झुरळाला बघून पलंगावर चढतात. नावं नाही घेत मी.

दूध नासलं की घरावर काहीतरी संकट येतं, असं राणीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून तिने राजाकडून कायदाच करून घेतला. ज्याच्या हातून दूध नासेल, त्याने वेस ओलांडून निघून जायचं. परत यायचं नाही. मग काय, राजवाड्यात दूध तापताना कोणी शिंकायचंसुद्धा नाही.

हे दूध सांभाळायची म्हाळसाक्का. राजवाड्याची स्वयंपाकीण. अंगाने गोल, जिभेने तिखट. पुरणपोळी अशी पातळ लाटायची की पोळीतून पलीकडचं दिसावं. चाळीस वर्षं ती त्या एका चुलीपुढे बसलेली. माहेर उरलं नव्हतं, सासर कधीच सुटलेलं. वेशीबाहेर तिला ओळखणारं कुत्रंही नव्हतं.

एकदा काय झालं, युवराज घोडे आणायला गेला लांब गुर्जिस्तानात. तिथले डोंगर इतके उंच की ढग तुमच्या पायाखालून जातात. गेला घोडे आणायला, आला बायको घेऊन. घोडे तिथेच राहिले, बरं का. नवरीचं नाव होतं केतेवान. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, केतकी. पोरगी मोठी गुणाची. पहिल्याच दिवशी नऊवारीत पाय अडकून तीनदा पडली आणि तिन्ही वेळा आपणच खदखदून हसली.

मग वर्षभराने केतकीला दिवस गेले. राणी हरखली. म्हणाली, "सूनबाई, डोहाळे काय लागलेत? चिंच? कैरी? सांगा, आत्ता आणवते."

केतकी म्हणाली, "आईच्या हातची पोळी. आत चीज भरलेली, तव्यावर भाजलेली."

"चीज म्हणजे गं काय?"

"दूध फोडायचं, पाणी काढायचं, मीठ घालायचं…"

"अगंबाई! दूध फोडायचं?" राणी मटकन खालीच बसली. "दोन जिवांची बाई घरात असताना? पुन्हा नाव काढू नका!"

केतकीने पुन्हा नाव काढलं नाही. पण डोहाळे काय राणीचं ऐकतात होय? तिला दुसरं काही खाववेना. श्रीखंड आलं, मान फिरवली. मसालेभात आला, ताट सरकवलं. गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "पोटात अन्न गेलं नाही, तर बाळाचं काही खरं नाही." एवढं सांगून ते जेवायला बसले. चार लाडू खाल्ले मेल्याने.

म्हाळसाक्काला काही हे बघवेना. पदर खोचून म्हणाली, "दूध न नासवताच करते पोळी. मी काय आजची आहे?"

मग तिने पहिल्या दिवशी खवा भरला आणि पातळ पोळी लाटली. केतकीने एक घास घेतला. म्हणाली, "छान आहे, अक्का." आणि बाकीची मांजराला घातली.

मग दुसऱ्या दिवशी दह्याचा चक्का भरला. त्याला सुटलं पाणी. पोळी तव्यावर फुटली, चर्र झालं, आणि म्हाळसाक्काच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मग तिसऱ्या दिवशी गाय व्यायली, म्हणून खरवस भरला. केतकीने घास तोंडात धरला, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी. तरी म्हणते कशी, "छान आहे, अक्का."

आता हे 'छान आहे' मात्र म्हाळसाक्काला सुरीसारखं लागलं. ती दुपारभर चुलीपुढे बसून राहिली. दूध नासवलं तर आपण वेशीबाहेर. आणि नाही नासवलं तर? तिने केतकीच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या.

ती उठली. "सूनबाई, दार लावा. आणि ते लिंबू द्या इकडे."

चाळीस वर्षं जपलेलं दूध! तिने डोळे मिटले आणि लिंबू पिळलं. दूध फाटलं. वाडा पडला नाही. वीज कोसळली नाही. मांजराने जांभई दिली, बस.

मग फडक्यात बांधून पाणी काढलं. चोथा मळला, मीठ घातलं. इकडे केतकीने कणीक भिजवली, दह्यात, चिमूटभर सोडा घालून. मऊ, अगदी लहान बाळाच्या गालासारखी. म्हाळसाक्काने लाटणं उचललं.

"लाटणं नको, अक्का."

"मग काय कपाळाने लाटू?"

"हाताने थापायची. आणि जाड ठेवायची."

"जाड पोळी? माझ्या हातची? लोक काय म्हणतील!" पण थापली. कणकेएवढाच चिजाचा गोळा, कडा गोळा करून वर मिटल्या, उलटी केली, तळव्याने हलकेच दाबली. टाकली तव्यावर, जाळ मंद केला.

"आता वर झाकण."

"झाकण? पोळी आहे की भात?" कुरकुरली, पण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं, तर पोळी टम्म फुगलेली, खालून सोनेरी. उलटली. वर लोण्याचा गोळा फिरवला. काय तो वास!

तेवढ्यात दारावर थाप. राणी!

"म्हाळसाक्के, आंबट वास येतोय. दूध नासलं?"

"नासलं नाही, राणीसाहेब. नासवलं. मी."

राणी पांढरीफटक पडली. तिलाही वाईट वाटलं, पण भीती मोठी. म्हणाली, "मग कायदा तुला माहीत आहे."

"जी." म्हाळसाक्काने पोळी मधोमध तोडली. अर्धी केतकीच्या हातात दिली, अर्धी स्वतःच्या पदरात बांधली, वाटेची शिदोरी. आणि निघाली. केतकीने रडत रडत घास घेतला.

आणि बरं का, इथे गंमत झाली! दोन तुकड्यांमध्ये चिजाची तार धरलेली, ती तुटेचना! लिंबाने फोडलेल्या दुधाला अशी तार सुटत नाही, मला ठाऊक आहे. त्या दिवशी सुटली. म्हाळसाक्का अंगणात गेली, तार लांबली. चौकात गेली, तार लांबली. कुंभार खाली वाकून गेला, वाण्याची पगडी अडकली, पोरं तिच्यावर कपडे वाळत घालायला निघाली. वेस आली. तिने एक पाय उचलला, आणि तार ताणली. पदर मागे ओढला गेला. पाय पलीकडे पडेना.

इकडे राणी ओरडली, "विळी आणा! कापा ती तार!"

म्हातारी दासी ठकी म्हणाली, "राणीसाहेब, दुसरं टोक सूनबाईंच्या तोंडात आहे. दोन जिवांच्या बाईच्या तोंडचा घास तोडायचा?"

राणीचा हात वरच्या वर राहिला. नासलेल्या दुधाहून हे पाप मोठं! आता करायचं काय? तार तोडता येईना, सोडता येईना. शेवटी राणी स्वतः उठली. सुताची लड गुंडाळतात तशी हातावर तार गुंडाळत चालली. भर बाजारातून, राणी! गुंडाळत गुंडाळत वेशीशी आली. दोन्ही हात चिजाने भरलेले. शालूला पुसवेना. मग तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बोट चाटलं.

मग दुसरं बोट चाटलं.

"म्हाळसाक्के, हे नासलेलं आहे?"

"होय, राणीसाहेब."

"पुरतं नासलेलं?"

"पुरतं."

"घरी अजून आहे?"

म्हाळसाक्का फुरंगटून म्हणाली, "आहे. पण मला काय त्याचं? मी चालले. कायदा आहे."

"कायदा गेला चुलीत! आधी तो पाय मागे घे," राणी म्हणाली, आणि डोळे पुसायला गेली, तर भुवईला चीज लागलं.

म्हाळसाक्काने पाय मागे घेतला. दोघी परत आल्या. बघतात तर केतकीने आपली अर्धी पोळी संपवलेली, आणि तवा तापवत बसलेली. त्या दिवशी तिने पाच खाल्ल्या. पाच! राजाने सात खाल्ल्या आणि विचारलं, "आज काही विशेष आहे का?" त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मग दिवस भरले आणि केतकीला मुलगी झाली. गुटगुटीत, आवाज खणखणीत. राणीने बारशाला अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं आणि दूध स्वतःच्या हाताने फोडलं. डोळे मिटून, पण फोडलं. म्हाळसाक्का शेजारी उभी राहून म्हणत होती, "लाटणं ठेवा खाली, राणीसाहेब. थापा."

सगळे पोटभर जेवले आणि सुखाने राहिले. आता चूल निवली, तिथे सगळे गाढ झोपलेत. तुम्हीही पाय पोटाशी घ्या. कोण ते 'भूक लागली' म्हणतंय? मी काही ऐकलं नाही. मीट डोळे.