शेवटच्या पंगतीला गाडी

“मग ही घालू का, माई?”

श्रीरंगच्या एका हातात तांब्याची जाड तार होती. दुसऱ्या हातात जळालेला फ्यूज.

माई मठाच्या ओसरीवर घेवडा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“घातली तर काय होईल?”

“परत फ्यूज जाणार नाही. गाडी झटपट भरेल. पहाटे निघू.”

“आणि नाही घातली तर?”

“तर... तुमचं जाणं राहील.”

थोरले महाराज म्हणजे माईंचे गुरू. त्यांची समाधी घाटापलीकडच्या गावात, एसटी जिथं जात नाही तिथं. गुडघे गेल्यापासून माईंना तिकडे जाता आलं नव्हतं. उद्या पुण्यतिथी होती. श्रीरंगनं न्यायचा शब्द दिला होता, आणि तेवढ्यासाठी तो पुण्याहून आपली नवी विजेची गाडी घेऊन काल मठात आला होता. घाट चढून येईपर्यंत गाडीची बॅटरी जवळजवळ संपली होती.

मठाचं वीज कनेक्शन जुनं आणि लहान. पाण्याची मोटर, स्वयंपाक बघणाऱ्या गोदाक्कांची घरगुती चक्की, पाहुण्यांसाठी गीझर... त्यात ही गाडी. फ्यूज गेला. त्यानं फ्यूजमधली बारीक तार बदलली. पुन्हा गेला.

“एवढासा तुकडा सगळं अडवून बसलाय,” श्रीरंग म्हणाला. “मी इंजिनिअर आहे, माई. मला कळतं यातलं.”

“मग विचारतोस कशाला?”

श्रीरंग हातातली जाड तार उगाच वाकवू लागला.

माई भिंतीला धरून उठल्या. फ्यूजच्या पेटीपासून एक लाकडी पट्टी भिंतीवरून वर माळ्याकडे गेली होती. वायर तिच्याखालून जायची. माईंनी श्रीरंगचा हात धरला आणि लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्या पट्टीवर ठेवला.

“कशी लागते?”

“...गरम.”

“घराला ताप आलाय. ह्या तुकड्यानं तुला सांगितलं. दोनदा सांगितलं. आता तू त्याचं तोंड बांधायला निघालास.”

श्रीरंगनं हात काढला नाही. पट्टी माळ्यात शिरत होती तिथं उत्सवासाठी आणलेल्या सुक्या पत्रावळींचे गठ्ठे रचून ठेवले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

मग त्यानं जाड तार खिशात घातली.

“पण गाडीचं काय करू?”

“काल पंगतीला काय केलंस?”

आतून, चुलीपुढून गोदाक्का हसल्या. “सांग की रे! अख्खा गाव एकदम बसवलास. म्हणे, वेळ वाचतो. भात कच्चा, आमटी खलास, आणि आमचे इंजिनिअर रिकामी बादली घेऊन अंगणभर पळतायत!”

“चूल एकच आहे हे मला काय ठाऊक, अक्का?”

“आता आहे ना ठाऊक?” माई म्हणाल्या.

या मठात आधी लेकरं आणि पाहुणे जेवतात. मग गावकरी. वाढपी सगळ्यांत शेवटी. तोवर चूल मंद झालेली असते. वाढपी सावकाश जेवतात, त्यांना उठायची घाई कुणी करत नाही. माईंचं पानही त्याच पंगतीत असतं.

“गाडीला आमच्यात बसव,” माई म्हणाल्या, आणि परत घेवड्याकडे वळल्या.

श्रीरंग आपल्याशीच हसला.

त्यानं मेन स्विच पाडला. फ्यूजला पहिल्यासारखीच बारीक तार बांधली. जळालेल्या तारेचा तुकडा तो अंगणात टाकणार, एवढ्यात...

“तो इकडे दे.”

माईंनी तो पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

संध्याकाळी टाकी भरली, मोटर थांबली. पीठ दळून झालं. पाहुण्यांच्या आंघोळी उरकल्या, गीझर बंद झाला. वाढप्यांची पानं मांडली तेव्हा श्रीरंगनं गाडीतल्या स्क्रीनवर करंट जितका कमी करता येईल तितका केला. मोटरच्या लाइनवर अर्थिंग असलेलं चांगलं सॉकेट होतं, तिथं गाडी जोडली. मग येऊन माईंच्या शेजारी पानावर बसला.

“थोरले महाराज कसे होते, माई?”

“वेळेवर ‘नाही’ म्हणायचे.”

“...एवढंच?”

“पुष्कळ होतं तेवढं.”

गोदाक्कांनी त्याला आग्रह करून भात वाढला. भात आज मऊ शिजला होता.

हात धुऊन तो भिंतीपाशी गेला. पट्टीवर तळहात ठेवला. मग प्लगवर. दोन्ही गार होते. मगच तो झोपायला गेला.

पहाटे माई काठी टेकत बाहेर आल्या, तेव्हा तो गाडीजवळ मान खाली घालून उभा होता.

“पूर्ण भरली नाही, माई. निम्मीसुद्धा नाही.”

“कुठवर जायचंय?”

“समाधीपर्यंत. आणि परत.”

“पुरेल?”

“...पुरून उरेल.”

“मग पूर्ण भरून कुणाला दाखवायची होती?”

गोदाक्का पदर तोंडाला लावून हसल्या. श्रीरंगही हसला. त्यानं दार उघडलं, माईंचे पाय हलकेच आत घेतले, काठी मागच्या सीटवर ठेवली.

“आल्यावर वायरमनला बोलावतो. गाडीसाठी वेगळी लाइन ओढून घेऊ, लोडही वाढवून मागू.”

“माग. ते देतील तेव्हा देतील. तोवर हीच पंगत.”

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर आली. रस्त्याला लागल्यावर श्रीरंगनं एकदम ब्रेक दाबला.

“फुलं राहिली, माई! समाधीवर काय वाहणार?”

माईंनी पदराची गाठ सोडली. जळून काळी पडलेली ती बारीक तार त्यांनी तळहातावर घेतली.

“ही?” श्रीरंग म्हणाला. “समाधीवर?”

“चल तू. हीसुद्धा वेळेवर ‘नाही’ म्हणाली. ही त्यांच्याच घराण्यातली.”