येसूआयेची चार बोटं

समुद्र जेव्हा शिरवेदांड्याच्या देवळाच्या पायरीला लागायचा, त्या काळची ही गोष्ट. गावात येसूआये नावाची विधवा बाई राहायची. गावाची एकच मोठी रापण होती. होडीतून ते जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि सगळ्या गावानं किनाऱ्यावरून दोर धरून ओढायचं, अशी रीत. गाव जगायचं ते त्या एका जाळ्यावर.

एका वैशाखात रापण ओढता ओढेना. कशीबशी उथळ पाण्यात आली, तेव्हा आत घराएवढा मासा दिसला. पाठभर पांढरे ठिपके, जणू आभाळच जाळ्यात अडकलेलं. तो धडपडत नव्हता, नुसता पाहत होता. असं म्हणतात, की येसूआयेनं त्या डोळ्यात पाहिलं आणि कंबरेची कोयती काढली.

"काय गो, जावई लागतो काय तुझा?" होडीचा म्होरक्या धर्मा तांडेल ओरडला.

"जावई नाही, पाहुणा आहे. पाहुण्याला दोरीनं बांधतात होय?"

"जाळं कापलंस तर पावसाळ्यानंतर गाव खाणार काय?"

"नारळी पुनवेला नवी रापण देईन. नाही दिली, तर गाव सोडीन."

तिनं जाळं उभं चिरलं. मासा वळला, खोल पाण्यात गेला.

आता एवढी रापण एकट्या हातानं विणायची, तर दोन वर्षं हवीत. येसूआयेनं सुताची बोचकी डोक्यावर घेतली आणि ती डोंगर चढली. वरच्या वाड्यांतल्या माणसांनी समुद्र फक्त लांबून पाहिलेला. ती ओसरीवर बसायची, माशाचा डोळा कसा होता ते सांगायची आणि म्हणायची, "पैसा नको, दाणा नको. माझ्यासाठी वीतभर जाळं विणा."

भिवा कुंभार हसला. "आमचे हात चिखलाचे. समुद्राशी आमचं काय?"

"तुझ्या शेतावरचा ढग कुठून पाणी भरून येतो रे?"

भिवानं हात धुतले. सुई मागून घेतली.

भर पावसात डोंगर विणत होता. असं म्हणतात, की तुकडे जोडले तेव्हा जाळ्याचं एक टोक टेकडीवर होतं आणि दुसरं वाळूत.

पण पुनवेच्या सकाळी धर्मानं जाळं पसरलं आणि कपाळाला हात लावला. येसूआयेनं सांगितलं होतं, बोटांवर माप घ्या. किती बोटं, ते सांगायची राहिलीच. किनाऱ्यावरचं पोरही दोन बोटांची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, धरतं, डोंगरानं धरली होती चार बोटांची.

"हे जाळं आहे की खिडकी?" धर्मा म्हणाला. "बोचकं बांध, आये."

"आधी ओढून तर बघ."

रापण सोडली. आपलं जाळं पाहायला डोंगर खाली उतरला होता, त्यानंही दोर धरला. जाळं जवळ आलं तशी बारीक मासळी भोकांतून चांदीच्या धारेसारखी निसटू लागली.

"गेली सगळी," धर्मा म्हणाला.

"पोरं आहेत ती. मोठी होऊन येतील."

तेवढ्यात मागचं पाणी फुगलं. ठिपक्यांची पाठ वर आली. तो मासा शेपटीनं पाणी हाणत मोठमोठ्या सुरमया नि रावस जाळ्यात हाकत होता, गुराखी गुरं हाकतो तसा. दोर ताणले, भिवाचे तळहात सोलले, पण कुणी सोडलं नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर टोपल्या कमी पडल्या. आणि निसटलेली पोरं पुढच्या वर्षी खरंच मोठी होऊन आली. धर्मा तांडेलानं जुनी दोन बोटांची जाळी स्वतःच्या हातानं उसवली.

येसूआये कधी गेली, कुणी सांगत नाही. ठिपक्यांच्या पाठीवर बसून गेली, असं म्हणतात.

अजून नारळी पुनवेला वरच्या वाड्या खाली येतात. घरटी एक माणूस रापणीला एक गाठ मारतो. मग डोंगरातलं एक मूल जाळ्याच्या आसेतून मूठ घालतं. मूठ आरपार गेली, की सगळा किनारा येसूआयेचं नाव घेतो आणि समुद्राला नारळ देतो. मूठ अडकली, तर नारळ हातातच ठेवायचा आणि होड्या वाळूतच, असा नेम आहे.

अजून तशी वेळ आलेली नाही.