भूपाल गिऱ्हाईक पकडतो

एका गावात एक भोळा भूपाल होता. भोळा हा आपला चारचौघांत म्हणायचा शब्द. गावात दुसराच चालायचा, तो इथं लिहिण्याजोगा नाही.

हा भूपाल आण्णासाहेब मगदुमांच्या कारखान्यात कामाला होता. तिथं घरघंट्या बनायच्या, घरच्या घरी पीठ दळायच्या. असला माणूस आण्णांनी ठेवला कशाला? तर तो बायकोच्या माहेरचा होता. असल्या कारणानं माणूस ठेवणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्या वर्षी धंदा पार बसला होता. आण्णांच्या मेहुण्याला कारखान्याच्या शेडमध्ये मंगल कार्यालय काढायचं होतं. दसऱ्यापर्यंत शंभर घरघंट्यांची मागणी आली नाही तर शेड त्याला द्यायची, असं घरात ठरलं. म्हणजे अकरा कामगार घरी बसणार. म्हणून आण्णांनी वेबसाइट काढली. रोज दोनशे माणसं ती बघायची आणि एक अक्षर न बोलता निघून जायची. या बघ्यांना धरून गिऱ्हाईक करायचं नाजूक काम आण्णांनी कुणाला द्यावं? भूपालला!

आण्णा म्हणाले, "हे बघ, वेबसाइटवर कुणी काय लिहिलं की आधी नाव नि नंबर मागायचा. त्याबिगर पुढं बोलायचं न्हाई."

भूपालनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

दुसऱ्याच दिवशी बारामतीच्या एका बाईंनी लिहिलं, "तुमच्या घरघंटीतून धूर येतोय. काय करू?"

भूपालनं लिहिलं, "नाव?"

"अहो, धूर वाढलाय!"

"नंबर?"

बाईंनी दोन्ही दिलं. भूपालनं ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं, खाली पट्टीनं रेघ मारली आणि मग लिहिलं, "बटण बंद करा." तोवर खिडकीचा पडदाही पेटला होता. बाईंनी त्या पडद्याचा फोटो काढून आण्णांच्याच वेबसाइटवर लावला.

आण्णांनी कपाळाला हात लावला. "अरं शहाण्या, माणूस अडचणीत असला तर नाव-गाव विचारत बसू नये. धावत जावं!"

"बरं आण्णा." भूपालनं मान डोलावली.

आठवड्यानं एकानं लिहिलं, "साताऱ्यात राहतो. दळणाची फार अडचण होते. घरघंटी कधी मिळेल?"

अडचण म्हटल्यावर भूपालनं नाव विचारलं नाही, नंबर विचारला नाही. टेम्पोत घरघंटी टाकली आणि साताऱ्याला धावला. सातारा काही दहा घरांची वस्ती नाही. भूपाल स्टँडवर उभा राहून येईल त्याला विचारायचा, "अडचणीतले ते तुम्हीच का?" होय म्हणणारे बरेच निघाले. पण त्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या. संध्याकाळी घरघंटी होती तशी परत आली. उत्तर मिळालं नाही म्हणून खऱ्या माणसानं दुसरीकडून घेतली.

आण्णा ओरडले, "नंबर असता तर फोन करता आला असता की! नंबर हाती आला की माणसाची पाठ सोडू नये. सकाळी फोन, दुपारी फोन. हो म्हणेपर्यंत!"

"बरं आण्णा." मान डोललीच.

मग वेबसाइटवर निरोप आला. "मी वीज खात्याचा तपासनीस. तुमच्या कारखान्याची तपासणी राहिली आहे. नंबर देऊन ठेवतो. घाई नाही, सवडीनं कळवा." असला तपासनीस नशिबानं भेटतो. अक्कल असलेला कुणीही गप्प बसला असता. भूपालनं दोन दिवसांत चौदा फोन केले.

"साहेब, येताय न्हवं?"

"साहेब, आज तरी?"

पंधराव्या फोनला वैतागून साहेब आले. तीन ठिकाणी उघड्या तारा सापडल्या. कारखाना आठ दिवस बंद.

आण्णांच्यात ओरडायची ताकद उरली नव्हती. ते हळू आवाजात म्हणाले, "अरं, माणूस आपल्या कामाचा हाय का, ते आधी चाळून घ्यावं. घरात माणसं किती? दळण किती? घ्यायचं कोण ठरवणार? उत्तरं पटली न्हाईत तर हात जोडावेत नि मोकळं व्हावं."

"बरं आण्णा."

दसरा चार दिवसांवर आला. मागणी आली होती सात घरघंट्यांची. आण्णा तारा आणायला गेले होते. तेवढ्यात एक बाई कारखान्यात आल्या. "वेबसाइट बघून आले. आमच्या बचत गटांच्या बायकांना घरघंट्या घ्यायच्यात."

"ते ऱ्हाऊ द्या. घरात माणसं किती?"

"माझ्या? मी एकटीच."

"दळण किती?"

"मी विकतचं पीठ आणते, पण..."

"घ्यायचं कोण ठरवणार?"

"सगळ्याजणींनी मिळून ठरवलंय."

"किती पायजेत?"

"एकशे चाळीस."

भूपाल उठला आणि त्यानं हात जोडले.

दुपारी आण्णा आले. "कोण आलतं का?"

"एक बाई आलती. चाळून बघितली, बिनकामाची निघाली. घरात एकटी, दळण काहीच न्हाई, आणि घरघंट्या म्हणे एकशे चाळीस! मी काय एवढा खुळा हाय?"

आण्णा तसेच अनवाणी फाटकाकडं पळाले. "कुठं गेली? कुणीकडं गेली?"

"पळू नगासा, आण्णा. बाई अडचणीत दिसली, मग नाव विचारत बसलो न्हाई. गाडीवर बसवली नि शेजारच्या गावातल्या घरघंटीच्या कारखान्यात नेऊन सोडली. तिथला मालक म्हणाला, एकशे चाळीस जमायची न्हाईत. पर मी त्याची पाठ सोडली न्हाई. सकाळधरनं अकरा फोन केलं."

भूपालनं अभिमानानं मान डोलावली.

"आत्ताच हो म्हणाला."