सुबराव तुळसाबाईसाठी डॉक्टर बघायला जातो

एका गावात एक भोळा म्हातारा राहायचा. नाव सुबराव. किती भोळा म्हणाल, तर कुणी 'बसा' म्हटलं की 'उठा' म्हणेपर्यंत उठायचा नाही. एकदा पुतणीच्या लग्नात त्याला कुणीतरी 'बसा' म्हटलं. पाहुणे गेले, मांडव उतरला, भांडी घासून झाली, तरी हा आपला तिथंच.

पण त्याचा एक गुण होता. बायकोनं सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा त्यामुळंच व्हायचा.

बायकोचं नाव तुळसाबाई. डोक्यानं हुशार, पण अंगानं फार वाढलेली. गुडघे बोलायचे. झोपली की श्वास अडकायचा आणि दचकून उठून बसायची. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "पथ्य झालं, औषधं झाली. आता वजन उतरलं नाही तर जिवाचं काही खरं नाही. शहरात पोट लहान करायचं ऑपरेशन होतं, ते करून घ्या. पण डॉक्टर नीट बघून निवडा."

आता शहरात हेलपाटे घालणार कोण? तुळसाबाईला एसटीची पायरी चढवत नव्हती. लेकी लांब सासरी. राहिला सुबराव.

"अहो," तुळसाबाई म्हणाली, "माझ्या जिवाचा प्रश्न आहे. जत्रेत बैल कसा पारखून घेता, तसा डॉक्टर पारखून घ्या."

"बरं," सुबराव म्हणाला. "तसंच करतो."

पहिल्या दवाखान्यात गेला. डॉक्टर चांगले उंचेपुरे होते. सुबरावानं त्यांच्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर थाप टाकून बघितली. मग जबडा धरला, ओठ वर केला आणि दात बघितले.

"अहो आजोबा, हे काय?"

"वयाचा अंदाज घेतोय. आता जरा चालून दाखवा."

डॉक्टर बिचारे गडबडून चार पावलं चाललेसुद्धा. सुबराव म्हणाला, "डावा पाय टाकतोय जरा. बाकी जनावर चांगलंय."

शिपायानं त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडलं.

घरी आल्यावर तुळसाबाईनं कपाळाला हात लावला. "अहो देवमाणसा, डॉक्टरचे दात बघतात होय? तिथं विचारायचं, 'आजवर किती केलीत? सगळी सुखरूप आहेत ना? त्यातल्या एकदोघांना भेटवता का?' असं विचारायचं."

"बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दुसऱ्या दवाखान्याला कुलूप होतं. आज डॉक्टरांचं लग्न आहे, म्हणून शेजारच्यानं सांगितलं. सुबराव विचारत विचारत कार्यालयात पोचला. डॉक्टर नवरीशेजारी उभे होते. फोटो चालले होते. सुबराव स्टेजवर चढला आणि मोठ्यानं म्हणाला,

"डॉक्टर, आजवर किती केलीत?"

सनई थांबली.

"सगळी सुखरूप आहेत ना? त्यातल्या एकदोघांना भेटवता का?"

नवरीनं नवऱ्याकडं बघितलं. नवरीच्या बापानं बघितलं. मग नवरीचे दोन मामा सुबरावाला दोन्ही बाजूंनी धरून खाली घेऊन आले. त्यातल्या एकानं दारात त्याला अगदी मनापासून ढकललं.

"अहो!" तुळसाबाई म्हणाली. "शुभकार्यात असं विचारतात का? तिथं सगळ्यांना पेढे द्यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचं, 'दिवसेंदिवस अशीच वाढ होवो.'"

"बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

तिसऱ्या दवाखान्यात जाताना तो पेढे घेऊन गेला. बाहेरच्या खोलीत वजन उतरवायला आलेली माणसं बसली होती. मोठी मोठी माणसं. दोघांच्या बाकावर एकेक. सगळी आठवडाभर नुसत्या सूपावर. कोपऱ्यात वजनकाट्यावर एक सराफ उभे होते, डोळे गच्च मिटून. काटा बघायचा धीर होत नव्हता.

सुबरावानं आधी सगळ्यांना पेढे वाटले. मग काट्यापुढं जाऊन हात जोडले.

"दिवसेंदिवस अशीच वाढ होवो!"

सराफांनी डोळे उघडले. काटा बघितला. काट्यावरच रडायला लागले. बाकीच्यांनी तोवर पेढे खाऊन टाकले होते. मग नर्स आली, आणि सुबराव डॉक्टरांचं तोंड न बघताच परत आला.

त्या रात्री तुळसाबाईचा श्वास फारच अडकला. सकाळी ती दमून म्हणाली, "अहो, मी मेल्यावर डॉक्टर मिळणार का? नीट ऐका. मोठं पोट दिसलं की पेढा द्यायचा नसतो. पुढ्यात खाणं असेल तर उचलून लांब ठेवायचं. म्हणायचं, 'उपाशी राहा, चालत राहा, पोट उतरेल.'"

"बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

चौथ्या दवाखान्यात डॉक्टर सबनीसबाई होत्या. सुबराव आत गेला तेव्हा त्या डबा उघडून बसल्या होत्या. पोट टेबलाला टेकलेलं. सुबरावानं डबा उचलला आणि कपाटावर ठेवला.

"उपाशी राहा, चालत राहा. पोट उतरेल."

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाटाकडं बघितलं. मग एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "आजोबा, हे चालून नाही उतरायचं. सातवा महिना संपत आलाय. द्या तो डबा. आणि बसा, काय काम होतं?"

सुबराव बसला. त्यांनी तुळसाबाईचं सगळं विचारलं. साखर, गुडघे, झोप. म्हणाल्या, "आधी तपासण्या करू. ऑपरेशन झालं तरी जन्मभर बेतानं खावं लागेल, हे आजींना सांगा. माझ्याकडं ऑपरेशन झालेल्या दोन बायका बाहेर बसल्यात, त्यांच्याशी बोला." शेवटी 'उठा' म्हणाल्या, तेव्हा सुबराव उठला.

तुळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "हीच," ती म्हणाली. "डबा पळवणाऱ्याशी जी हसून बोलते, तिच्या हाती पोट द्यायला हरकत नाही. पण अहो, गरोदर बाईच्या पुढ्यातलं ताट ओढलंत? पाप लागेल! मोठ्या पोटाच्या बाईला उपाशी ठेवू नये. चार बायका बोलवाव्यात, ओटी भरावी, पुरणपोळीचे घास भरवावेत. ती नको नको म्हणते, पण ऐकायचं नसतं."

"बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

गाडी करून तुळसाबाईला शहरात आणून दाखल केलं. तपासण्या झाल्या, आठवडा नुसत्या सूपावर गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून मी सुट्टीवर. जायच्या आधीचं शेवटचं ऑपरेशन आजींचं. दुपारी घेते." नर्सनं सुबरावाला बजावलं, "आजोबा, यांच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही."

सुबराव बाहेर बसून विचार करू लागला. नर्स म्हणते खाऊ घालू नका. तुळसा म्हणते मोठ्या पोटाच्या बाईला उपाशी ठेवू नका. आता नर्स जास्त शहाणी की तुळसा?

त्यानं गावाकडं फोन लावला.

अकराच्या सुमाराला दवाखान्यापुढं टेम्पो थांबला. गावातल्या बायका उतरल्या. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटीचे नारळ, पुरणपोळ्यांची पाटी. साठीतल्या तुळसाबाईला दिवस गेले म्हणून शेजारचं गावही लोटलं होतं. खाटेभोवती रांगोळी पडली, गाणी सुरू झाली.

तुळसाबाई ओरडायला तोंड उघडायची, की एक घास आत. घास गिळल्याशिवाय ओरडता येईना, आणि गिळून तोंड उघडलं की दुसरा घास. "नको" म्हणायला गेली, तर सुबराव म्हणाला, "नको नको म्हणते, पण ऐकायचं नसतं." आठवडाभर सूप प्यायलेली बाई ती. पाचव्या घासाला तिनं ओरडणं सोडून दिलं.

तेवढ्यात डॉक्टर सबनीसबाई आल्या. पाटी बघितली. ती रिकामी होती.

"आजी, आता ऑपरेशन नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "मी उद्यापासून नाही. माझं बाळंतपण होऊन परत येईपर्यंत थांबावं लागेल."

हिरव्या साडीतल्या तुळसाबाईनं शेवटचा घास गिळला.

सुबरावानं डॉक्टरीणबाईंना हात जोडले.

"काही घाई नाही बाई," तो म्हणाला. "तोवर हिचंही उरकेल."